फ्रान्सचा दाखला देण्याआधी

मराठी भाषा गौरव दिनाच्या भाषणासाठी माझ्या भाचीने जो मजकूर पाठ केला होता, तो तिचा नव्हता. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर दर फेब्रुवारीत न चुकता येणारा तो संदेश होता आणि ताईने तो कौतुकाने तिच्या वहीत उतरवून दिला होता. त्याचा आशय असा: फ्रान्समध्ये हजारो वर्षे एकच भाषा नांदते आहे, १८७१ मध्ये जर्मनांनी आल्सास प्रांतातील मुलांची मातृभाषा फ्रेंच हिरावून घेतली, त्या देशात बोलताना इंग्रजी शब्द वापरला तर तुरुंगवास होतो, इंग्रजीत रस्ता विचारणाऱ्या पर्यटकाला कोणी उत्तर देत नाही, कोंबडा हे राष्ट्रचिन्ह राज्यघटनेत नोंदवलेले आहे, आणि कोणत्याही धर्माचे चिन्ह अंगावर बाळगून तेथे रस्त्याने चालता येत नाही. शेवटी ठळक अक्षरांत ‘मराठी माणसा, फ्रेंचांकडून शीक’ अशी आज्ञा आहे. शिकण्याला माझी हरकत नाही, परंतु आठवीतील मुलीने शंभर मुलांसमोर हे सगळे सत्य म्हणून सांगावे, याला आहे.

सर्वांत आधी आल्सासची ती गोष्ट, कारण संदेशातील सारा गहिवर तिच्यावर उभा आहे. ही सत्यघटना नाही. आल्फाँस दोदे या फ्रेंच लेखकाची ती कथा आहे आणि सीबीएसईच्या बारावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात ‘द लास्ट लेसन’ या नावाने ती असल्यामुळे आपल्याकडील पुष्कळ मुलांना ती माहीत असते. फ्रान्सचा युद्धात पराभव झाला, आल्सास आणि लोरेनचा काही भाग जर्मनीकडे गेला, उद्यापासून शाळेत फक्त जर्मन शिकवली जाईल असा हुकूम बर्लिनहून आला, आणि गावातील वृद्ध शिक्षक फ्रेंचचा शेवटचा तास घेत आहेत, असा तो प्रसंग आहे. कथा म्हणून ती उत्तम आहे. पण त्या काळी आल्सासमधील खेड्यापाड्यांतील बहुसंख्य लोक घरात आल्सासी बोलत असत आणि ही बोली जर्मन कुळातील आहे. फ्रेंच ही तेथील मुलांची शाळेतील भाषा होती, आईची नव्हे. हे कळण्यासाठी इतिहासाचे जाडजूड ग्रंथ चाळण्याचीही गरज नाही, कारण कथेतील मुलगा स्वतःच सांगतो की आपल्याला फ्रेंच जेमतेम लिहिता येते, आणि गुरुजीही खंत करतात की तुम्ही स्वतःला फ्रेंच म्हणवता, पण तुम्हाला तुमची भाषा बोलताही येत नाही आणि लिहिताही येत नाही. मातृभाषा बोलता न येणारे गाव, ही विसंगती संदेश पुढे पाठवणाऱ्या एकाही माणसाला खटकू नये, याचे मला आश्चर्य वाटते. जर्मन राजवटीने भाषेची सक्ती केली हे खरेच आहे आणि ती अन्यायाचीच होती. पण त्या शाळेत तिच्याआधी जी भाषा होती, तीही वरूनच आलेली होती.

याच कथेतील एक वाक्य संदेशात फ्रेंचांचा मंत्र म्हणून दिले आहे: गुलामगिरीत पडलेल्या लोकांनी आपली भाषा धरून ठेवली तर तुरुंगाची किल्लीच त्यांच्या हाती असते. हा विचार दोदेने फ्रेदेरिक मिस्त्राल या कवीकडून घेतला आहे आणि तळटीपेत तसे नोंदवलेही आहे. मिस्त्राल आयुष्यभर प्रोव्हांसाल भाषेत लिहीत राहिला, म्हणजे दक्षिण फ्रान्समधील ऑक्सितानच्या एका रूपात, आणि १९०४ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक त्याला विभागून मिळाले ते याच भाषेतील काव्यासाठी. किल्लीची ती ओळही त्याने प्रोव्हांसालमध्येच, शेजारच्या कॅटलान भाषेतील कवींना उद्देशून लिहिलेल्या कवितेत लिहिली होती. तेव्हा ज्या ओळीवर फ्रेंचच्या अभिमानाचा हा डोलारा उभा आहे, ती पॅरिसच्या शाळांनी जिला खेडवळ ठरवून हाकलले त्या भाषेच्या कवीची आहे.

आता ‘हजारो वर्षे एकच भाषा’ या दाव्याकडे वळू. १५३९ मध्ये पहिल्या फ्रान्स्वा राजाने व्हिलेर-कोतरे येथे काढलेल्या आदेशाने न्यायालयीन कागदपत्रे फ्रेंचमध्ये करण्याचे बंधन आले, ही गोष्ट खरी. पण तो आदेश कचेरीपुरता होता, प्रजेच्या तोंडी काय होते याच्याशी त्याचा संबंध नव्हता. प्रजेच्या तोंडी काय होते, याचा सर्वांत भक्कम पुरावा खुद्द राज्यक्रांतीच्या दप्तरात आहे. धर्मगुरू आणि क्रांतिकारक असलेल्या आबे ग्रेग्वार यांनी प्रांतोप्रांती प्रश्नावली पाठवून माहिती गोळा केली आणि ४ जून १७९४ रोजी राष्ट्रीय सभेपुढे अहवाल मांडला. त्यात ते सांगतात की किमान ६० लाख फ्रेंच नागरिकांना राष्ट्रभाषा मुळीच येत नाही, आणखी तितक्याच लोकांना तिच्यात सलग संभाषण करता येत नाही, आणि ती नीट बोलणाऱ्यांची संख्या ३० लाखांच्या पुढे जात नाही. देशाची लोकसंख्या तेव्हा पावणेतीन कोटींच्या आसपास होती. म्हणजे ज्या क्रांतीने तिरंगी ध्वज दिला, ‘ला मार्सेयेज’ हे राष्ट्रगीत दिले, त्या क्रांतीच्या काळात दहातील जेमतेम एकाला फ्रेंच नीट येत होती. या अहवालाचे शीर्षकच मुळी प्रादेशिक बोली नष्ट करण्याची गरज आणि त्यासाठीचे उपाय असे आहे. एकभाषी फ्रान्स असा वारशाने मिळालेला नाही. तो ठरवून घडवला गेला.

तो कसा घडवला गेला, हे संदेशात असते तर मला इतका राग आला नसता. १८८१ आणि १८८२ च्या कायद्यांनी शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मापासून अलग झाले, ही फ्रान्सची खरी मोठी कमाई आहे. पण ब्रिटनी प्रांतातील शाळांत तेथील ब्रेटन भाषा बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात एखादा जुना लाकडी बूट अडकवला जाई. दुसरा कोणी ब्रेटन बोलताना सापडला की ते लोढणे त्याच्या गळ्यात जाई, आणि दिवसअखेर ज्याच्या गळ्यात ते असेल त्याला शिक्षा होई. मुलांना मुलांवर हेर नेमण्याची ही पद्धत विसाव्या शतकातही चालू होती. ब्रेटन, बास्क, कॅटलान आणि ऑक्सितान शाळेत ऐच्छिक म्हणून शिकवण्याची मुभा मिळायला १९५१ चा कायदा यावा लागला आणि त्यातही आल्सासी नव्हती. २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांच्या माध्यमातून पूर्ण शिक्षण देण्याची तरतूद संसदेने मंजूर केली, तर कायदे राज्यघटनेला धरून आहेत की नाहीत हे तपासणाऱ्या घटना परिषदेने ती रद्द केली. हे ज्यांना अनुकरणीय वाटते त्यांनी महाराष्ट्रापुरता विचार करून पाहावा: हा नमुना येथे आणला तर पहिला घाव इंग्रजीवर पडणार नाही, तो अहिराणीवर, मालवणीवर, गोंडीवर पडेल, आणि तो बूट मेळघाटातील एखाद्या कोरकू मुलाच्या गळ्यात दिसेल.

तुरुंगवासाचा दावा धादांत खोटा आहे, पण त्यामागे अर्धे सत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करतो. ‘प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे’ हे वाक्य फ्रान्सच्या राज्यघटनेत आहे. मात्र ते १९९२ मध्ये घातले गेले. त्यानंतर ४ ऑगस्ट १९९४ चा तुबाँ कायदा आला. वस्तूंवरील माहिती, जाहिराती, नोकरीचे करार आणि कामगारांना लागणारी कागदपत्रे फ्रेंचमध्ये असली पाहिजेत, असे तो सांगतो. सोबत दुसरी भाषा असायला हरकत नाही. कामगारांना इंग्रजी कागदपत्रे फ्रेंच भाषांतराशिवाय दिल्याबद्दल एका अमेरिकी वैद्यकीय यंत्र कंपनीच्या फ्रेंच शाखेला २००६ मध्ये व्हर्सायच्या अपील न्यायालयाने ५,८०,००० युरो भरायला लावले होते. फ्रेंचांकडून घ्यायचेच असेल तर हे घ्यावे. पण सामान्य माणसाने कोणते शब्द वापरावेत हे सरकारने ठरवण्याचा जो भाग त्या कायद्यात होता, तो घटना परिषदेने १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेऊन कायदा लागू होण्याआधीच काढून टाकला. पॅरिसमधील माणूस सर्रास ‘वीकेंड’ आणि ‘पार्किंग’ म्हणतो आणि त्याला कोणी पकडून नेत नाही. भाषेचे प्रमाणरूप पाहणाऱ्या, १६३५ मध्ये स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीचे मतही सल्ल्यापुरतेच असते.

पर्यटकांना उत्तर न देण्याबद्दल एवढेच पुरे की दुकानात शिरताना किंवा कोणाला काही विचारताना आधी ‘बाँझूर’ (नमस्कार) म्हणणे हा तेथील रोजचा शिष्टाचार आहे. तो पाळला नाही की चेहरे आक्रसतात, मग तुम्ही कोणत्याही भाषेत बोला. कोंबडा फुटबॉल संघाच्या सदऱ्यावर आहे, राज्यघटनेत नाही. घटनेच्या दुसऱ्या कलमात भाषा, ध्वज, राष्ट्रगीत, ब्रीदवाक्य आणि लोकशाहीचे तत्त्व आहे, आणि नेपोलियनने तर कोंबडा दुबळा ठरवून गरुड निवडला होता.

धर्मचिन्हांच्या मुद्द्यात २००४ च्या कायद्याचा विपर्यास आहे. तो सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांनी ठळक धर्मचिन्हे घालण्यापुरता आहे. शीख मुलांच्या पगडीचा प्रश्न त्यातूनच निर्माण झाला आणि तो गंभीर आहे. पण रस्त्यावर क्रूस, पगडी किंवा टिळा यांना बंदी नाही. २०१० च्या कायद्याने सार्वजनिक जागी बंदी आहे ती चेहरा झाकण्यावर. धर्म आणि शासन यांची फारकत करणारा १९०५ चा कायदाही सगळीकडे सारखा नाही. तो झाला तेव्हा आल्सास आणि लोरेनचा तो भाग जर्मनीत होता, आणि ते परत आल्यावरही तेथील जुनी व्यवस्था तशीच ठेवली गेली. त्यामुळे तेथे आजही पाद्री आणि रब्बी (ज्यू धर्मगुरू) यांचे पगार सरकारी तिजोरीतून निघतात, आणि स्त्रासबूर व मेत्स येथील बिशपांच्या नेमणुकीला फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांचा हुकूम लागतो.