पत्ता आहे, रस्ता नाही

सोयाबीनचा पीकविमा भरायचा शेवटचा दिवस, ३१ जुलै, आणि बाहेर तीन दिवसांपासून झड लागलेली, नेमक्या अशा मुहूर्तावर आमच्या इंटरनेटने अंग टाकले. मोबाइलवर वायफायच्या रेघा पूर्ण भरलेल्या दिसत होत्या, त्यामुळे दोष संगणकाचाच असे ठरवून मी पुण्यात नेटवर्किंगचे काम करणाऱ्या पुतण्याला फोन लावला. तिथेच चुकलो.

"काकाजी, आधी तुमचा आयपी सांगा," तो म्हणाला. त्याने सांगितलेली अक्षरे एका बोटाने टंकल्यावर काळ्या पडद्यावर १९२.१६८.१.७ असा आकडा उमटला. हा आमच्या संगणकाचा पत्ता आणि १९२.१६८.१.१ हा राऊटरचा, म्हणजे घरभर इंटरनेट वाटणाऱ्या डबीचा, हे ऐकून मला घरपट्टीची पावती मिळाल्यासारखा आनंद झाला. पण हेच पत्ते शेजाऱ्याच्या घरातही असू शकतात, असे कळताच तो उतरला. प्रत्येक घरात एक बापू असतोच, पण गावाबाहेर नुसत्या 'बापू'ला कोण ओळखणार? बाहेरच्या जगासाठी साऱ्या घराला मिळून एकच पत्ता असतो, आणि कोणत्या बापूने काय मागवले होते हे लक्षात ठेवून राऊटर आलेला माल ज्याच्या त्याच्या हाती देतो. ३२ बिटांचे, म्हणजे शून्य-एकच्या ३२ घरांचे, पत्ते जेमतेम ४२९ कोटी भरतात, म्हणून ही काटकसर. चार भावांत दोन एकरांची वाटणी पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

डीएनएस मात्र मला पहिल्या फटक्यात कळले. आमच्या घरी सगळे 'आंब्याचं वावर', 'नाल्याकाठचं वावर' असे म्हणतात आणि तलाठ्याला फक्त गट नंबर समजतो. तसे आपण संकेतस्थळाचे नाव टाकतो आणि डीएनएस त्याचा आकडा शोधून देते.

मग पिंग. धुऱ्यावरून हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागतो ते मोजायचे, इतकेच ते काम. राऊटरने एक मिलिसेकंदाच्या आत ओ दिली. बाहेरच्या ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या पत्त्यावर, चार हाका मारल्या, चारही पावसात विरल्या. "म्हणजे पत्ता आहे, पण गावाबाहेर जायला रस्ता नाही," असे निदान करून पुतण्या डीएचसीपीकडे, म्हणजे पत्ते वाटण्याच्या पद्धतीकडे, वळला.

इतक्यात सौ. चहा ठेवताना म्हणाली, "अवो, त्या डबीवर लाल लाल काय चमकून राह्यलं?"

लाल दिव्याखाली एलओएस अशी अक्षरे होती. फायबरमधून, म्हणजे इंटरनेट आणणाऱ्या काचेच्या तारेतून, प्रकाश पोचत नसल्याची ती खूण. माझ्या पोटात गोळा आला. आदल्या रात्री वाऱ्याने ती काळी तार टिनावर आपटत होती, झोप लागू देईना, म्हणून मीच उठून तिला खुंटीला दोन वेढे देऊन, बैलाच्या दाव्याला मारतो तशी गाठ मारली होती. काचेचा तो तंतू इतका वाकवला की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो.

छत्री धरून गाठ सोडली, तारेला ऐसपैस वळण दिले. लाल दिवा विझला, अर्ज भरला, पावतीही निघाली. फोन मात्र तसाच चालू होता, आणि राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता कसा वाटून देतो, हे पुतण्या अजून सांगत होता.