वर्गातला मटका

"समजलं का?" असं मी गेली सव्वीस वर्षं विचारतोय, आणि गेली सव्वीस वर्षं मला "होऽऽऽ" हेच उत्तर मिळतंय.

कोल्हापूरजवळच्या ज्या गावात मी पाचवीला शिकवतो, तिथला हा "हो" साधासुधा नाही. खासबागेत एखादा मल्ल अस्मान बघतो तेव्हा उठतो, त्या जातीचा आहे. उसाच्या ट्रॉल्या ओढत कारखान्याकडं निघालेल्या ट्रॅक्टरवरची गाणीसुद्धा त्याच्यापुढं दबतात. इतका दणदणीत "हो" ऐकला की वाटतं, काय शिकवलंय राव आपण! मग मी खडू झटकतो आणि पुढचा धडा काढतो.

आमच्याकडं प्रश्न विचारायची दुसरीही एक रीत आहे. अर्धा शब्द मास्तरचा, अर्धा पोरांचा. "पाण्याची वाफ होते, त्याला म्हणतात बाष्पीऽऽ..." "भवऽऽन!" "पंचगंगेच्या नद्या कोणत्या? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरऽऽ..." "स्वतीऽऽ!" एकतीस पोरं एका सुरात. भजनी मंडळाला जमणार नाही असा ताल. टाचणवहीत मी ह्याला 'प्रश्नोत्तर पद्धत' लिहीत होतो आणि पगार घेत होतो.

ह्या सुखाला नख लागलं शिक्षण परिषदेत. आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं. महिन्यातून एकदा केंद्रातले सगळे शिक्षक एका शाळेत जमतात, चहा पितात आणि कुणाची ऑनलाइन माहिती भरायची राहिलीय त्यावरून बोलणी खातात. त्या दिवशी एका तंत्रस्नेही शिक्षकाचं सादरीकरण होतं. तंत्रस्नेही म्हणजे ज्याला रात्री साडेदहा वाजता पाच शाळांचे मुख्याध्यापक फोन करून आपापले पासवर्ड विचारतात, तो. पोरगा वयानं माझ्या निम्मा. उठला आणि थेट मलाच म्हणाला, "सर, प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता?"

"उत्तर येईपर्यंत," मी म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो.

तो नाही हसला. त्यानं सांगितलं, मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गावर्गातल्या ध्वनिफिती ऐकून हे मोजून काढलंय. मास्तर सरासरी एक सेकंद थांबतो. मग स्वतःच बोलतो, नाहीतर दुसऱ्या पोराला उठवतो. तेच तीन सेकंद थांबला तर उत्तरं लांब येतात, गप्प बसणारी पोरं कमी होतात आणि विशेष म्हणजे पोरं उलट प्रश्न विचारायला लागतात. हा शेवटचा फायदा ऐकून दोघातिघांचे चेहरे पडलेले मी पाहिले.

तीन सेकंद म्हणजे काय मोठंसं? दुसऱ्याच दिवशी वर्गात प्रश्न टाकला आणि गप्प उभा राहिलो. एक. पुढच्या बाकावरची दोघं माझ्या तोंडाकडं बघायला लागली. दोन. मागं कुजबुज सुरू झाली. तीन व्हायच्या आत एक पोरगी उठली, "सर, काय झालं? पाणी आणू?" आणि दुसरा तोवर ऑफिसकडं धावत सुटलाही होता. मुख्याध्यापिका बाई पदर खोचत आल्या. "सर, बीपीची गोळी घेतलीसा का नाही सकाळची?" कोल्हापुरात माणूस बोलायचा थांबला तर तो एकतर भांडून बसलेला असतो किंवा दवाखान्यात न्यायचा असतो. मधली अवस्थाच आम्हाला माहीत नाही.

तेव्हा निव्वळ थांबून भागणार नव्हतं, यंत्राचा आधार हवा होता. त्या पोरानं साधनं पुष्कळ दाखवली होती. कहूट नावाच्या प्रश्नमंजुषेच्या खेळात प्रत्येकाच्या हातात, निदान गटात तरी, फोन लागतो आणि लवकर बटण दाबणाऱ्याला जास्त गुण. पॅडलेटच्या ऑनलाइन भिंतीवर पोरांनी प्रश्न चिकटवायचे, पण त्यालाही उपकरणं आलीच. माझ्याकडं होता लोकवर्गणीतून आलेला एक टीव्ही, माझा स्वतःचा एक फोन आणि एकतीस पोरं. पालकांचे फोन एक दिवस मागवून बघितले. पाच आले. त्यातल्या एकावर ऐन प्रश्नात "गाडी भरली का रं?" असा कुणाचा तरी फोन आला आणि पोरानं तो उचलून "भरली" म्हणून सांगितलंही.

राहिलं ते प्लिकर्स. कल्पना मात्र झकास आहे, राव. प्रत्येक पोराला कागदाचं एक कार्ड. त्याच्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी, प्रत्येकाची वेगळी. चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटेल ती बाजू वर करून कार्ड धरायचं. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते फोनला कळतं. पोरांना फोन नको, नेट नको, आणि शेजाऱ्याचं बघून उत्तर द्यावं तर नक्षी निराळी. कॉपीचा धंदाच बसला.

गंगावेशीतून कार्डं छापून आणली. हौसेला मोल नसतं म्हणून वर चकचकीत लॅमिनेशन केलं. खिडकीतलं ऊन त्याच्यावर पडलं आणि कॅमेऱ्याला कार्डांच्या जागी एकतीस आरसे दिसायला लागले. सगळा खर्च पुन्हा. ह्या वेळी साध्या जाड कागदावर. पोरांना वाटलं, हा दुकानातला पैसे भरायचा कोड आहे. एकानं घरी नेऊन वडिलांना दाखवला. वडील दुसऱ्या दिवशी गेटवर, "गुरुजी, दोनदा स्कॅन केलं, पैसं जाईनात. रोख देऊ का?" शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोरगं शाळेत पाठवलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या गृहस्थांना बहुतेक वाटलं, दंड पुन्हा सुरू झाला.

पोरांची नावं मी इथं सांगत नाही. त्यांचे कार्डाचे नंबर सांगतो. एकमेकांना आता तीही तशीच हाक मारतात.

पहिला प्रश्न अपूर्णांकांचा. आदल्या दिवशी भाकरीची चित्रं काढून, तीन वाटे, चार वाटे करून शिकवलेला. "समजलं का"ला छप्पर उडवणारा "हो" आलेला. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? अ, ब, क, ड असे चार पर्याय टीव्हीवर. लगेच नऊ नंबर उठला, "सर, क कुठाय? ह्याच्यावर के न्हाईच." मराठी शाळेत अ-ब-क-ड, कार्डावर ए-बी-सी-डी. क म्हणजे सी, हे समजवण्यात दहा मिनिटं गेली. अपूर्णांक त्यापेक्षा सोपे होते.

मग कार्डं वर झाली. निम्म्यांची बोटं नक्षीवर, दोघांचं कार्ड पाठमोरं, एकजण त्याच्यानंच वारा घेतोय. मी फोन फिरवला. फोनच्या पडद्यावर बरोबर त्याला हिरवा रंग, चूक त्याला लाल.

वर्ग मिरच्या वाळत घातल्यासारखा दिसत होता.

एकतिसातल्या एकोणीस जणांनी एक चतुर्थांश मोठा ठरवला होता. का, तर तिनापेक्षा चार मोठा. आदल्या दिवशीच्या त्या "हो"मध्ये ह्या एकोणीस जणांचाही आवाज होता. किंबहुना आता आठवतंय, त्यांचाच जास्त होता. सव्वीस वर्षांत असे किती "हो" झाले असतील ह्याचा हिशोब मी मांडायला घेतला आणि लगेच सोडला.

सगळ्यात मोठा धक्का चार नंबरचा. हा माझा हुकमी एक्का. प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर, तोही नुसता नाही, बाकावर गुडघा टेकून. साहेब तपासणीला आले की मी त्याच्याकडं बोट दाखवायचो, "वर्ग चुणचुणीत आहे." पाच प्रश्नांत पाचही लाल. मधल्या सुट्टीत खिचडी खाताना त्याला बाजूला घेतला. "अरे, येत नाही तर हात कशाला वर करतोस?"

त्यानं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "हात वर केला की तुम्ही इचारत न्हाईसा, सर. तुम्ही खाली बघणाऱ्याला उठवतासा."

पोरगा वर्षभर माझा अभ्यास करत होता. मी त्याचा नव्हतो करत.

तेव्हा हात वर करणं बंद केलं आणि नावांचं चक्र आणलं. टीव्हीवर रंगीत चाक फिरतं, थांबेल त्याचं नाव. पोरांना वाटलं, जत्रा भरली. पण चक्र दोन दिवसांत चारदा अकरा नंबरवर थांबलं आणि तिची आई शाळेत, "आमच्याच पोरीवर का डूख?" चाकाला डोळे नसतात हे मी सांगितलं. "चालवणाऱ्याला असत्यात की," त्या म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला, वीज गेली आणि चक्राचा प्रश्नच मिटला.

वीज आठ दिवस येत-जात होती. मग कुंभाराकडून एक छोटं मडकं आणलं, कुल्फीच्या काड्यांवर एक ते एकतीस नंबर लिहिले, प्रश्न विचारायचा, थांबायचं, मग काडी उचलायची. फुकटात काम झालं. पोरांनी त्याला नाव दिलं मटका. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मी मास्तर आहे, मला मटका म्हणजे मडकंच वाटलं. पण पोरं घरी जाऊन सांगायला लागली: "आज्जी, आज मटक्यात माझा नंबर लागला!"

तिसऱ्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष दोन माणसं घेऊन वर्गाच्या दारात. आवाज खाली घेऊन म्हणाले, "गुरुजी, लोकं काय काय बोलाय लागल्यात. तुमच्यासारखा माणूस..." मी मडकं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी आत हात घालून काड्या खालवर केल्या, एक काढून उजेडात धरली, आणि नकळत विचारून बसले, "दिवसातनं एकदाच काढतासा, का ओपन-क्लोज दोन्ही?" मागच्या दोघांनी एकदम खिडकीबाहेर बघितलं. त्या दिवसानंतर समितीकडून एकही तक्रार आली नाही.

आणि मग केंद्रप्रमुख साहेब वर्ग बघायला आले. वीज होती, फोन चार्ज होता, कार्डं सुलटी होती. मी धीटपणानं साहेबांनाही एक जादा कार्ड दिलं, बत्तीस नंबर. ते पोरांच्या शेवटच्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसले. पहिला प्रश्न मी मुद्दाम घरचा ठेवला: पंचगंगा किती नद्यांची मिळून होते? अ) तीन, ब) चार, क) पाच, ड) सहा. ज्याच्या नावातच उत्तर आहे असा प्रश्न. कार्डं वर झाली. फोन फिरवला. हिरवळच हिरवळ, आणि दोनच ठिपके लाल. बावीस नंबर आणि बत्तीस नंबर.

निकाल टीव्हीवरही दिसत होता. मुख्याध्यापिका बाईंना खोकला आला.

साहेबांना विचारायची माझी छाती नव्हती, म्हणून बावीस नंबरला उठवलं. ही दोन वर्षांत "हजर सर" सोडून काही बोललेली नव्हती. "चार का गं?"

मी थांबलो. तिसऱ्या सेकंदाला ती बोलली. "मी मोजलो की सर. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. सरस्वती दिसतच न्हाई. नकाशात बी न्हाई."

"गुप्त आहे ती," मी म्हणालो.

"मग दिसत न्हाई ती मोजायची कशी?"

मागच्या बाकावरून साहेबांचा आवाज आला. "माझं आजोळ चिखलीचं. लहानपणापासून प्रयाग संगमावर जातोय. मीसुद्धा चारच धरल्यात." मग माझ्याकडं बघून अगदी विद्यार्थ्याच्या आवाजात, "बरोबर कुठलं मग, सर?"

बत्तीस माना माझ्याकडं वळल्या. फोनला मी सकाळीच सांगून ठेवलं होतं, बरोबर उत्तर क. फोन त्यावर ठाम होता. मी तोंड उघडलं, मिटलं, टीव्हीकडं बघितलं, मडक्याकडं बघितलं.

पुढच्या बाकावर चार नंबरनं एकेक बोट वर करायला सुरुवात केली. "एक... दोन... तीन. सर, तीन झालं."

आणि मागून कुणीतरी, "सर, पाणी आणू?"