भारी स्टील म्हणजे क्रॅक नाही?
पुलांवरचा हा लेख बरा आहे पण "भारी ग्रेडचं स्टील वापरलं की पुलाला फटिगची चिंता नाही" हे काय पटलं नाही बुवा. फटिग म्हणजे ताण परत परत वर-खाली होऊन हळूहळू चीर पडणं. वेल्ड केलेल्या जॉइंटला ग्रेडचा, म्हणजे स्टीलच्या जास्त ताकदीचा, त्यात जवळपास काहीच फायदा होत नाही, क्रॅक सुरू होतो तो वेल्डच्या कडेला, जिथं वेल्ड संपून प्लेट लागते तिथं, आणि अंडरकट, म्हणजे वेल्डच्या कडेला प्लेट खाऊन पडलेली खाच, राहिला असला की मग बघायलाच नको. आमच्याकडं कुपवाड एमआयडीसीत सीझनला उसाच्या ट्रॉल्या दुरुस्तीला येतात, हुकाजवळची चीर बहुतेक त्याच कडेनं गेलेली असते, वर गंजाची बारीक लाल रेघ. लोक त्यावरच परत वेल्ड मारतात, पुढच्या हंगामात ट्रॉली परत दारात.
आणि नुसता लोड बघून उपयोग नाही, गाडी गेली की ताण किती वर-खाली होतो ते बघायचं, तो फरक दुप्पट झाला की आयुष्य साधारण आठवा हिस्सा उरतं, म्हणजे ओव्हरलोड डंपर काय करतात बघा. सेऊलचा सोंगसू पूल १९९४ ला पडला, ३२ माणसं गेली, त्यात खराब वेल्डिंग होतंच की. रंगावरून टॉर्च मारून तपासणी होत नसते, आधी रंग काढा, डीपी (चिरेत रंगीत द्रव मुरवून बघायची टेस्ट) नाहीतर मॅग्नेटिक टेस्ट (चुंबक आणि लोखंडी पावडरनं चीर शोधायची) करा मग बोला.
बाकी आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलाचा फोटो कशाला टाकलाय, तो दगडी आहे!