असं वाटतंय : ४१

तारकर्लीच्या होमस्टेचं बिल हातात आलं. शेवटची ओळ होती : जादा पंखा, दोन दिवस, १०० रुपये. पंखा मागितला मी, हे खरं. मागच्या खोलीतून उचलून ओटीवर आणला तोही मीच. पण त्याच्यासमोर दोन्ही दिवस बसले ते पुण्याचे एक काका. माझ्या वाट्याला पंख्याची पाठ आली, आणि पंख्याला पाठीमागून वारा नसतो.

मार्च संपत आला होता. काकांच्या मोबाइलवर ३२ अंश, आणि खाली बारीक अक्षरांत ‘असं वाटतंय : ४१’. काकांनी तो मोबाइल ओल्या काजूगरांच्या राशीवरून मालकीणबाईंसमोर धरला.

“हे वरचे नऊ कुठले? पुण्यात ३८ आहे. सहा अंश कमी व्हावेत म्हणून एवढा घाट उतरून आलो आम्ही.”

काजूच्या चिकाने हात भाजू नयेत म्हणून बाईंनी बोटांना खोबरेल चोपडलं होतं. वर न बघता म्हणाल्या, “काकांनू, उन्हाचे पैशे आमी लावूक नाय.”

इथे गप्प बसायला हवं होतं. मी समजावायला गेलो. अंग थंड होतं ते घाम आल्याने नव्हे, घाम वाळल्याने. पुण्यात उन्हाळ्यातल्या दुपारी हवेत १५ टक्के आर्द्रता असली, तर ३८ अंश अंगाला ३६ इतकेच जाणवतात. इथे ७० टक्के. घाम वाळायला जागाच नाही, तो नुसता वाहतो. म्हणून ३२ चे ४१.

“म्हणजे पैसे भरून पाच अंश जास्त उकडून घ्यायला आलो?”

“हिशोबाने, हो.”

“पण ‘वाटतंय’ म्हणजे कोणाला वाटतंय?”

प्रश्न रास्त होता. १९७९ मध्ये स्टेडमन नावाच्या शास्त्रज्ञाने हे गणित मांडलं, तेव्हा त्यात एक माणूस गृहीत धरला होता : उंची १७० सेंटीमीटर, वजन ६७ किलो, फुल पँट, हाफ शर्ट, सावलीतून ताशी पाच किलोमीटरने चाललेला.

“मी ब्याण्णव किलो,” काका म्हणाले. “मला किती वाटायला हवं?”

“त्याच्यापेक्षा जास्तच.”

“आणि उन्हात?”

“उन्हात अजून आठेक अंशांपर्यंत धरा.”

“एकोणपन्नास!” काकांनी पंखा वीतभर आपल्याकडे ओढला. “आणि तो सदुसष्ट किलोवाला एवढ्या उकाड्यात चालतोय कशाला? बस म्हणावं की कुठेतरी.”

त्या माणसाबद्दल काकांना वाटलेली कळकळ शेजारच्या खुर्चीपर्यंत काही पोचली नाही.

मुळात चूक ‘वसंत’ या शब्दाची. कॅलेंडरात चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, म्हणून जाहिरातवाले ‘आल्हाददायक’ छापून मोकळे होतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर मार्च ते मे कमाल तापमान साधारण ३२-३३ वरच असतं. वाढतं ते किमान. मार्चमध्ये पहाटे २३ पर्यंत उतरतं, अंगावर चादर लागते. मेमध्ये २६-२७ च्या खाली जात नाही, आणि रात्री वीज गेली की माणसं अंगणात येऊन बसतात. तेव्हा बुकिंग करताना दुपारचा आकडा बघू नका, पहाटेचा बघा. समुद्रात डुंबून गार वाटेल, ही आशाही सोडा. पाणीच २८-२९ अंश.

दिवस कसा जाणार ते वाऱ्यावर ठरतं. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ करून आपण विसरलो, त्यांच्याशी गाठ इथे पडते. सकाळी जमिनीकडून मतलई वारा. जमीन तापली की अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि पारा चढायचा थांबतो. पण पूर्वेचा कोरडा वारा जोरात असेल तर तो खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावरच अडवतो. दोन वाजले तरी झावळी हलत नाही आणि पारा ३७ च्या पुढे जातो. किनाऱ्यावर ३७ अंश, शिवाय सरासरीपेक्षा साडेचार जास्त, म्हणजे हवामान खात्याच्या हिशोबाने उष्णतेची लाट. समुद्रापासून आत गेलात तर आणखी कठीण. रायगडात सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा आहे, तिथे २८ मार्च २०१७ ला ४६.५ नोंदले गेले होते.

दुसऱ्या दिवशी तसाच वारा अडला. काका दर दहा मिनिटांनी “कधी सुटणार?” असं मला विचारत होते, जणू मी डेपोचा कंट्रोलर. बाई म्हणाल्या, “वारो येतलो, वायच थांबा.” काका थांबले नाहीत. पावणेएकला, म्हणजे सूर्य सर्वांत उंच, ७५ अंशांच्याही वर असताना, अनवाणी वाळूत गेले आणि त्याहून वेगाने परत आले.

किनाऱ्यावर जायचं ते साडेनऊच्या आत, नाहीतर साडेचारनंतर. सनस्क्रीन नाकावर टिकलीएवढं लावून भागत नाही : चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून, सगळ्या अंगाला ३० मिलिलिटर, आणि दर दोन तासांनी, शिवाय पाण्यातून आल्यावर पुन्हा. काकांनी ओआरएसचं अख्खं पाकीट एका पेल्यात कालवलं. ते लिटरभर पाण्याचं होतं. पेल्यात घातलं की इतकं खारट-गोड होतं की पोटात उलट पाणी ओढून घेतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. सोलकढी उत्तम, पण ती जेवणाबरोबर. सकाळपासून सोलकढीवर राहिलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते आमच्या ओटीवर सगळ्यांना कळलं. न्हाणीघर एकच होतं.

आणि वाळत घातलेला टॉवेल. मार्चच्या रात्री दव पडतं, त्यात टॉवेलमधलं मीठ ओल धरून ठेवतं, म्हणून तो सकाळी रात्रीपेक्षा ओला मिळतो. गोड्या पाण्यात पिळून दुपारीच वाळवावा. माझा वाळलाही होता. काकांनी तो पंख्यासमोरच्या खुर्चीवर अंथरला, कारण वेत गरम लागत होता.

निघताना काका माझ्याजवळ आले. “तुम्हाला यातलं बरंच कळतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे कसं असतं?”

पहाटेही २७ अंश, अवकाळी पाऊस आला की गेलेली वीज, पाऊस तोंडावर आला म्हणून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बंद झालेल्या होड्या, आणि संपत आलेला हापूस. सगळं जिभेवर होतं.

“छान असतं,” मी म्हटलं.

काकांनी तिथल्या तिथे पाच रात्रींचा ॲडव्हान्स भरला. पंखा अजून चालूच होता.