खुलासा: ‘आधी नशा सोडा, मग एचआयव्हीच्या गोळ्या’ असा नियम नाही

‘सुईने नशा करणाऱ्याला सरकारी एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) केंद्रात औषध मिळत नाही, आधी व्यसनमुक्तीचा दाखला लागतो,’ असा मेसेज फिरतोय. चूक आहे. एआरटी २००४ पासून मोफत आहे. २०१७ पासून सीडी-४ (रोगप्रतिकारक पेशींची संख्या) कितीही असो, एचआयव्ही निघाला की उपचार सुरू करायचे असं धोरण आहे. नशा चालू असली तरीही.

नशेत गोळ्या चुकतात, हे खरं. म्हणून तर ओएसटी, म्हणजे हेरॉइनसारख्या नशेच्या जागी देखरेखीखाली दिलं जाणारं पर्यायी औषध. नर्स ब्युप्रेनॉर्फिनची गोळी चुरून जिभेखाली ठेवायला देते, विरघळेपर्यंत समोर बसवते. सहसा रोज यायचं असतं, मग एआरटीची विचारपूसही तिथेच होते.

दाखला मागणाऱ्याला (मागणारे भेटतातही!) २०१७ चा एचआयव्ही कायदा दाखवा. भेदभाव करून उपचार नाकारणं बेकायदा आहे. चौकशीसाठी १०९७, फोन फुकट.