सत्तर युरो पंचाहत्तर सेंट

"पास कितीला पडला?"

फ्रान्समधल्या नीसहून सीमेपलीकडच्या, इटलीतल्या व्हेंतिमिल्याला जाणाऱ्या लोकलमध्ये, सकाळी सव्वानऊ वाजता, हा प्रश्न मराठीत कानावर पडेल असं वाटलं नव्हतं. चूक माझीच. पहिल्याच बोगद्यात फोनची रेंज गेली, पासच्या अ‍ॅपमधलं चक्र गोल गोल फिरत राहिलं आणि मी "च्यायला" म्हटलं. बरं, मोठ्यानं म्हटलं. समोरच्या खिडकीतली टोपी हलली. टोपीखाली काका होते.

माझ्याकडे युरेल होता, म्हणजे युरोपभरच्या गाड्यांत चालणारा रेल्वे पास. मी त्या लोकलमध्ये का होतो, तर पॅरिसहून मिलानला थेट जाणाऱ्या वेगवान गाडीत पासवाल्यांच्या जागा संपल्या होत्या. म्हणून आदल्या दिवशी पॅरिस ते नीस, नीसला मुक्काम आणि आज किनाऱ्याकिनाऱ्यानं व्हेंतिमिल्या, जिनोआ, मिलान.

काका डोंबिवलीचे, बँकेतून निवृत्त. मुलगी आणि जावई नीसजवळच्या सोफिया अँटिपोलिस या टेक्नॉलॉजी पार्कात नोकरीला, राहायला शेजारच्या आंतीब गावात. काका-काकू दोन महिन्यांपासून मुक्कामाला, आणि दर शुक्रवारी दोघं या गाडीनं व्हेंतिमिल्याच्या आठवडी बाजाराला जातात. आंतीब नीसच्या आधी येतं, त्यामुळे उजवीकडची, म्हणजे समुद्राकडची खिडकी त्यांनी केव्हाच धरलेली. (इटलीकडे जाताना उजवीकडे बसावं. डावीकडे डोंगर आणि लोकांच्या बाल्कन्या दिसतात. मी डावीकडे होतो.)

"२८३ युरो," मी म्हणालो. "चार दिवसांचा. महिनाभरात कुठलेही चार दिवस. तेहेतीस देश."

"चार दिवसांत तेहेतीस देश?"

"नाही हो. तेहेतीस देशांत चालतो."

"तुम्ही किती करताय?"

"दोन."

"मोनाको येईल आता. तो धरला तर तीन."

"मोनाको फ्रान्सच्याच खात्यात आहे."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर व्हिलफ्रांशची खाडी होती. लोक जन्मात एकदा बघायला येतात ती. काका मात्र भागाकार करत होते. "सत्तर युरो पंचाहत्तर सेंट," ते म्हणाले. "रोजचे."

"अहो, राहू द्या की त्यांचं," काकू डोळे न उघडता म्हणाल्या.

राहू देतील ते काका कसले. "आता मला सांगा, पास म्हणजे काय? आमचा डोंबिवली–सीएसटी तिमाही पास. खिशात असला की माणूस रेल्वेचा जावई. फास्ट पकडा, स्लो पकडा, कुणी विचारणार नाही. इथे कसं आहे?"

इथे कसं आहे ते मी समजावायला घेतलं. तेव्हाच थांबायला हवं होतं. फ्रान्समध्ये टीईआर नावाच्या प्रादेशिक गाड्यांत, म्हणजे आत्ता बसलो होतो तसल्या, नुसता पास चालतो. टीजीव्ही या वेगवान गाडीला आरक्षण सक्तीचं, देशांतर्गत असेल तर १० किंवा २० युरो. इटलीत प्रादेशिक गाड्यांना काही नाही, इंटरसिटीला ३ युरो, 'फ्रेच्चा' नावाच्या वेगवान गाड्यांना १३ युरो. इटालो ही खाजगी गाडी पास ओळखतच नाही. आणि सीमेपलीकडे जाणारी थेट टीजीव्ही असेल तर आरक्षणालाच तीसेक युरो.

"म्हणजे पास काढून परत तिकीट काढायचं."

"तिकीट नाही, आरक्षण."

"पैसे पडतात ना?"

"पडतात."

"मग तिकीट." काकांनी मनातल्या मनात खातं बंद केलं. "आमच्या डेक्कन क्वीनला पासवाल्यांचा वेगळा डबा असतो. इथे?"

"इथे पासवाल्यांचा कोटा असतो."

"आणि कोटा भरला की?"

"बाकी गाडी रिकामी गेली तरी आपल्याला जागा नाही."

यावर काका जे हसले ते मला अजून ऐकू येतं. काकूंनी सुद्धा एक डोळा उघडला.

खरं सांगायचं तर त्यांच्या हसण्यात तथ्य होतं, म्हणूनच राग आला. पॅरिस–मिलान थेट गाडीचं साधं तिकीट दोन-तीन महिने आधी काढलं तर तीसेक युरोंपासून मिळू शकतं. पासवाल्याला त्याच गाडीच्या नुसत्या आरक्षणाला साधारण तेवढेच पडतात, वर पासचा एक दिवस खर्च. गाड्या मोजक्या, प्रवास सातेक तासांचा. या मार्गाचं नशीबही असं की २७ ऑगस्ट २०२३ ला फ्रेंच आल्प्समधल्या मोरिएन खोऱ्यात दरड कोसळली आणि थेट गाड्या जवळजवळ १९ महिने बंद पडल्या. ३१ मार्च २०२५ ला पुन्हा सुरू झाल्या. डोंगराखालचा फ्रेजुसचा बोगदा १८७१ सालचा. इंजिनं आली गेली, बोगदा तोच.

आरक्षण टाळून याच बोगद्यातून जाता येईल का, हा पासवाल्याला हमखास सुचणारा शहाणपणा. नकाशात सोपं दिसतं. फ्रान्सच्या बाजूला मोदानपर्यंत टीईआर जाते. इटलीच्या बाजूला बार्दोनेक्कियापासून तुरीनला प्रादेशिक गाड्या भरपूर. मधे राहतो फक्त बोगदा, आणि नेमक्या त्या तुकड्यात लोकल गाड्यांची बोंब. स्वित्झर्लंडवरून वळसा घालायचा असेल तर ब्रिगहून दोमोदोसोलाला आणि तिथून मिलानला साध्या गाड्यांनी बिनआरक्षण जाता येतं. युरोसिटी ही थेट आंतरराष्ट्रीय गाडी पकडली की पुन्हा आरक्षण आलं. ज्याला घाई नाही त्यानं कुनेओ–व्हेंतिमिल्या ही डोंगरातली लाइन बघावी. इटलीची गाडी इटलीतून निघते, मधेच फ्रान्समध्ये शिरते, टांद, ब्रेल अशी स्टेशनं घेते आणि परत इटलीत उतरते. दुसऱ्या महायुद्धात या लाइनीवरचे पूल उडवले गेले आणि ती पुन्हा धावायला १९७९ उजाडलं. गाड्या मोजक्या, त्यामुळे वेळापत्रक आधी बघितलेलं बरं. थोडक्यात, फ्रान्स–इटली हद्दीवर पास खऱ्या अर्थानं पाससारखा वागतो तो किनाऱ्यावरच, नीस–व्हेंतिमिल्या मार्गावर. अर्ध्याअर्ध्या तासानं गाडी, पन्नासेक मिनिटं, आरक्षणाची भानगड नाही.

हे मी काकांना मोठ्या अभिमानानं सांगितलं. माझ्या मते तो माझा विजय होता.

"बरोबर," काका म्हणाले. "आणि याच गाडीचं साधं तिकीट आठ-नऊ युरो."

गाडी मोनाकोच्या भुयारातल्या स्टेशनात थांबली. दारं उघडली, बंद झाली. काका थांबले नाहीत.

"पुढे जिनोआ, पुढे मिलान, सगळं साध्या गाडीनं. किती होतील? चाळिसाच्या आसपास. तुमचा आजचा दिवस केवढ्याचा? सत्तर पंचाहत्तर. म्हणजे आज तुम्ही तीस युरो रेल्वेला बक्षीस दिलेत."

"पण काका, काल पॅरिसहून नीसला..."

"काल चांगलं केलंत. साडेपाच-सहा तासांची गाडी, ऐन वेळेला तिकीट शंभरावर जातं. तिथे पास वसूल. पण नीसला उतरलात तिथे चुकलं. तुमचा दिवस कसा मोजतात?"

"मध्यरात्र ते मध्यरात्र."

"मग? सकाळी सहाच्या सुमारास पॅरिस सोडायचं, दुपारी नीस, लगेच ही गाडी, संध्याकाळी जिनोआ, रात्री मिलान. एका दिवसात सगळं. नाहीतर नीसला राहायचं, पण आज तिकीट काढायचं आणि पासचा दिवस पुढच्या लांबच्या प्रवासाला ठेवायचा. साधी गोष्ट आहे."

साधी गोष्टच होती. पण सकाळी हॉटेलात कॉफी पिता पिता मी अ‍ॅपमध्ये गाडी शोधली होती, ती 'माय ट्रिप'मध्ये घातली होती आणि तिच्यापुढचं बटण सरकवून पासला जोडली होती. तसं केल्याशिवाय क्यूआर कोड तयारच होत नाही, आणि हे गाडीत चढण्याआधीच करावं लागतं. टीसी दिसल्यावर घाईघाईनं बटण सरकवणाऱ्याला दंड होऊ शकतो. त्यामुळे मी शहाण्यासारखं सगळं आधी केलं होतं. शहाणपणानं तीस युरो घालवले होते.

आणि टीसी आलाच. क्यूआर कोड इंटरनेट नसलं तरी दिसतो. अ‍ॅपला फक्त तीन दिवसांतून एकदा तरी नेट दाखवावं लागतं. मला हे माहीत होतं, तरी त्या फिरत्या चक्रानं घाम फुटला होता. कोड उघडला, यंत्रानं 'टुक' केलं, काम झालं. झालं असं वाटलं. मग त्यानं पासपोर्ट मागितला. पास नावावर असतो, पासपोर्टच्या नंबराला बांधलेला असतो, त्यामुळे मागणं रास्तच. पासपोर्ट वरच्या फळीवरच्या बॅगेत, बॅगेच्या तळाशी, पावसाळी जॅकेटच्या खिशात. सबंध डब्यासमोर मी मोजे, अंडरपँट, पित्ताच्या गोळ्यांची पाकिटं असं एकेक बाहेर काढत होतो.

मिळाल्यावर नावाचा घोळ. आपल्या पासपोर्टात 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र बसलेलं असतं. पासवर मी नुसतं स्वतःचं घातलेलं. टीसीनं दोन्हींकडे आळीपाळीनं पाहिलं. हा मधला माणूस कोण, असा त्याचा एकूण चेहरा. म्हणून सांगतो, पास घेताना नाव पासपोर्टात आहे तसंच, अक्षर न् अक्षर, लांबलचक झालं तरी घालावं.

तेवढ्यात काकांनी आपली दोन तिकिटं पुढे केली, माझ्याकडे अंगठा दाखवला आणि अस्सल डोंबिवली उच्चारात म्हणाले, "इल ए नूव्हो."

नवीन आहे तो.

टीसी हसला. पासपोर्ट परत देताना त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं. वीस वर्षं मुंबईच्या लोकलमध्ये लोंबकळलेल्या माणसाला भूमध्य समुद्राच्या काठावर कुणी तरी 'नवीन आहे' म्हणावं! त्यापेक्षा दंड परवडला असता.

"जावयाला पण पास काढू नको म्हटलं," काका पुन्हा रुळावर आले. "तो इथला रहिवासी, त्याला तुमचा हा युरेल मिळत नाही, इंटररेल घ्यावा लागतो. त्यात राहत्या देशात फक्त एकदा बाहेर जाताना आणि एकदा परत येताना चालतो. मला साठीपुढचा म्हणून दहा टक्के सवलत आहे. तरी नाही घेतला." मग आवाज खाली आणून, "आज शुक्रवार. इटलीत संपबिंप बघितलात ना? असला तरी कामाच्या दिवशी प्रादेशिक गाड्या सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ सोडाव्याच लागतात. लिहून ठेवा."

मी लिहून ठेवलं नाही. पण लक्षात राहिलं, बघा.

व्हेंतिमिल्याला काका-काकू पिशव्या झटकत बाजाराकडे गेले. जाताना काका सांगून गेले की परतीच्या गाडीत माँतों-गाराव्हां या सीमेलगतच्या स्टेशनात फ्रान्सचे पोलीस चढतात, तपासणी २०१५ पासून चालू आहे, त्यामुळे पासपोर्ट भाजीच्या पिशवीत पण वरच ठेवायचा. हा टोमणा होता की माहिती, ते मी अजून ठरवलेलं नाही.

फलकावर जिनोआची पुढची गाडी इंटरसिटी होती. पास आहे, जागा आहे, फक्त तीन युरोंचं आरक्षण हवं. ते घ्यायला खिडकीवर गेलो. आधी ऑनलाइन घेता आलं असतं, घेतलं नव्हतं. शुक्रवारच्या बाजारामुळे रांग कुठल्या कुठे. माझ्या पुढे एक बाई लहान मुलांच्या सवलतीवर वाद घालत होत्या, त्यांच्या पुढे एक कुत्रा होता, त्यालाही तिकीट हवं होतं. सत्तर युरोंचा दिवस खिशात घेऊन मी तीन युरो देण्यासाठी पंचवीस मिनिटं उभा राहिलो. माझा नंबर यायच्या आत इंटरसिटी गेली.

पुढची प्रादेशिक गाडी बऱ्याच वेळानं, आणि तीही उशिरा. उशीर होतो याचं नवल नको. जिनोआच्या वाटेवरच्या आंदोरा ते फिनाले लिगुरे या गावांमधला टप्पा अजून एकेरी आहे, समोरच्या गाडीला वाट द्यायला थांबावं लागतं. त्याच्या अलीकडची लाइन आत डोंगरात हलवली, तीही दोन टप्प्यांत, २००१ आणि २०१६ ला. त्यामुळे ज्या समुद्रासाठी माणूस हळू गाडीनं जातो तो समुद्रच बराच वेळ दिसत नाही. सानरेमोचं स्टेशन तर चक्क डोंगराच्या पोटात आहे. जुन्या रुळांच्या जागी आता सायकलवाले समुद्र बघत जातात, बिनपासाचे.

दीडच्या सुमारास मी फलाटावरच्या बाकावर बसलो असताना काका-काकू परत आले. चार पिशव्या, वरून वांगी डोकावतायत.

"अजून इथेच?" काकांनी घड्याळ पाहिलं. "साडेतेरा तास संपले की तुमचे."

मी काही बोललो नाही. काकूंनी पिशवीत हात घालून दोन टोमॅटो काढले आणि माझ्या हातात ठेवले.

"खा," काका म्हणाले. "यांना आरक्षण लागत नाही."

टोमॅटो गोड होते. तेच जास्त लागलं.