पुट्टीच्या ‘पाच सुवर्ण नियमां’चं काय करायचं

‘पुट्टी वापरणाऱ्यांसाठी पाच सुवर्ण नियम’ असा एक मेसेज सध्या जळगाव-धुळ्याकडच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपांत फिरतोय. पुट्टी म्हणजे विंडोजवरून दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायचं सॉफ्टवेअर. माझा भाचा पाचोऱ्याच्या एका जिनिंगमध्ये हिशेबाचा सर्व्हर सांभाळतो. त्याच्यापर्यंत तो पोचला आणि त्याने मला विचारलं, ‘मामा, हाई खरं शे का?’ नाही रे बाबा. एक नियम कसाबसा अर्धा खरा आहे, बाकीचे चूक, आणि पहिला तर घातकच.

तो पहिला नियम असा: ‘होस्ट कीचा इशारा आला तर घाबरू नका, डोळे मिटून अ‍ॅक्सेप्ट दाबा, तो फक्त फॉर्मॅलिटी आहे.’

लिहिणाऱ्याने तो इशारा एकदा तरी वाचलाय का? एसएसएच म्हणजे पुट्टी ज्या सुरक्षित, सांकेतिक पद्धतीने सर्व्हरशी बोलते ती पद्धत. तिच्यात आधी सर्व्हरला स्वतःची ओळख पटवून द्यावी लागते, तुमचा पासवर्ड त्यानंतर. सर्व्हरची ती ओळख म्हणजे होस्ट की. पुट्टी ती विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगांच्या साठ्यात, साठवते आणि पुढच्या प्रत्येक वेळी ताडून बघते. जुळली नाही तर ‘सुरक्षा भंगाची शक्यता’ असं मोठ्या अक्षरांत सांगते. मध्येच कुणी सर्व्हरचं सोंग घेऊन बसला असेल, तर तुम्ही अ‍ॅक्सेप्ट दाबून टाकलेला पासवर्ड सरळ त्याच्या हातात. एन्क्रिप्शन चालूच असतं, फक्त ते चोराशी चालू असतं.

हे माझ्या मनचं नाही. एसएसएचची रचना सांगणारं जानेवारी २००६ चं आरएफसी ४२५१, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतींचा अधिकृत दस्तऐवज, उघडा. सर्व्हर आणि त्याची की यांचं नातं खात्रीने पडताळल्याशिवाय हा प्रोटोकॉल वापरणं मुळातच असुरक्षित आहे, तसं करू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. ज्यांनी तो बांधला तेच सांगताहेत. ग्रुपवरचे गुरुजी कोण?

हो, सर्व्हर नव्याने इन्स्टॉल केला की होस्ट की बदलते आणि इशारा येतो. बहुतेक वेळा कारण तेच असतं, हे मान्य. पण ते आधी विचारून घ्या. सर्व्हरपाशी बसलेल्या माणसाला फोन लावा, त्याला होस्ट कीचं फिंगरप्रिंट, म्हणजे कीची छोटी ओळखखूण, काढायला सांगा, एसएचए२५६ च्या पुढची अक्षरं तुमच्या इशाऱ्यातल्या अक्षरांशी जुळवा. दोन मिनिटांचं काम. फोन लागत नसेल तर कॅन्सल. त्या इशाऱ्यातलं ‘कनेक्ट वन्स’ बटण ही पळवाट नाही. त्याने की साठवली जात नाही एवढंच, पासवर्ड जायचा तो जातोच.

दुसरा नियम: ‘ऑफिसच्या आत टेलनेट चालतं.’ टेलनेट ही लॉगिनची एसएसएचच्या आधीची जुनी पद्धत. तिच्यात पासवर्ड उघडा जातो, आतल्या वायरवरसुद्धा. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात आतल्याच नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, म्हणून तर १९९५ साली तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. पुढे काय बोलायचं!

‘पोर्ट २२ बदला, सर्व्हर सुरक्षित’ हा तिसरा, अर्धा खरा. पोर्ट २२ हा एसएसएचचा नेहमीचा दरवाजा. तो बदलला की बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे घुसखोर प्रोग्राम, कमी ठोठावतात, लॉग स्वच्छ राहतो. पण पोर्ट स्कॅन करणाऱ्याला नवा पोर्ट सापडतोच. बदलायचा तर बदला, पण पासवर्ड लॉगिन बंद करून कीने, म्हणजे प्रत्येकाच्या स्वतःच्या किल्ली-फाइलने, लॉगिन सुरू करा, खरा फरक त्याने पडतो.

चौथा: ‘सगळ्या स्टाफसाठी एकच पीपीके फाइल करून ग्रुपवर टाका.’ म्हणजे घराची किल्ली बाजारात टांगा. पीपीके म्हणजे पुट्टीची प्रायव्हेट की, गुप्त किल्ली असते हो! प्रत्येकाने स्वतःची बनवायची, तिला पासफ्रेज, म्हणजे कीचा स्वतःचा पासवर्ड, लावायची आणि सर्व्हरवर फक्त तिची जोडीदार पब्लिक की द्यायची. माणूस नोकरी सोडून गेला की सर्व्हरवरच्या पब्लिक कींच्या यादीतून त्याची तेवढी ओळ काढली, विषय संपला.

पाचवा: ‘पुट्टी एकदा टाकली की अपडेटची गरज नाही.’ एप्रिल २०२४ मध्ये ०.८१ आवृत्ती कशासाठी आली? ०.६८ ते ०.८० या आवृत्त्यांत पी-५२१ प्रकारच्या ईसीडीएसए या लॉगिन कीच्या सह्या, म्हणजे लॉगिन करताना की देते तो पुरावा, अशा सदोष होत्या की साधारण साठ सह्या हाती लागल्या तर प्रायव्हेट की काढता येत होती. तशी की कुणी वापरली असेल तर नुसतं अपडेट पुरत नाही. पुट्टीजेन या की बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये नवी ईडी२५५१९ प्रकारची की बनवा आणि जुनी पब्लिक की प्रत्येक सर्व्हरच्या ऑथराइज्ड कीज फाइलमधून (पब्लिक कींची तीच यादी) पुसा. अपडेट मात्र पुट्टीचे कर्ते सायमन टॅथम यांच्या साइटवरूनच घ्या. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातींतून बनावट पुट्टीही वाटली गेली आहे.